चार आण्यांचे सम्राट

मंगळवार

रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून बाहेर आलं की रस्त्यापलीकडेच पलाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, म्हणून कालचा दिवस गल्ल्यांत भटकण्यात घालवला आणि आज दार उघडायच्या वेळेला हजर झालो. इथे येणारे लोक ब्राँझचा थकून बसलेला मुष्टियोद्धा बघतात, वर जाऊन पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याची बायको लिव्हिया, तिच्या वाड्यातली बागेची भित्तिचित्रं बघतात आणि जेवायला जातात. दोन्ही बघण्यासारखंच आहे, तक्रार नाही. पण नाणी आहेत तळघरात, आणि तिकडे सकाळभरात आमच्याखेरीज एक म्हातारे गृहस्थ तेवढे फिरकले.

काचेखाली ओळीने नाणी मांडलेली आणि वर सरकवता येणारं भिंग. भिंगाशिवाय इथे येण्यात अर्थ नाही. देनारियस हे चांदीचं नाणं जेमतेम अठरा-एकोणीस मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या हल्लीच्या रुपयाहूनही लहान. तेवढ्या जागेत डोकं, मान, दाढी, डोक्यावरचं पानांचं कडं आणि कडेने पदव्यांची लांबलचक माळ.

सोन्याकडे बघायचं नाही, असं मी घरूनच ठरवून आलो होतो. सोन्याची नाणी पुस्तकांत छापून छापून पाठ झालेली असतात. मला बघायची होती ती फुटकळ नाणी, ज्यांचे आजही युरोपभर हंडेच्या हंडे सापडतात आणि जी बिल देणाऱ्या दुकानातसुद्धा एका जेवणाच्या पैशात मिळतात. पहिल्या शतकात बराच काळ सैनिकाला वर्षाला २२५ देनारियस पगार मिळायचा, त्यात तो सम्राटाचा चेहरा २२५ वेळा बघायचा. बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला पितळेचा आणि तांब्याचा सम्राट मिळायचा. राजधानीतला संगमरवरी पुतळा बघायला येणार कोण? साम्राज्यातल्या बहुतेकांनी सम्राट पाहिला तो तळहातावर.

सुरुवात नीरोपासून केली. इ.स. ५४ मध्ये गादीवर आला तेव्हा पोरगा सोळा वर्षांचा. पहिल्या नाण्यांवर तो आणि आई अग्रिपिना समोरासमोर, नाकाला नाक भिडेल इतके जवळ, आणि मुलाचा गाल अजून गुळगुळीत. दहा वर्षांनंतरच्या सेस्टर्शियस या पितळी नाण्यावर तोच माणूस ओळखू येत नाही. मान जवळजवळ डोक्याएवढीच रुंद, हनुवटीखाली मांसाची वळी, डोळा चरबीत रुतलेला, आणि कपाळावर कुरळ्या बटांच्या एकावर एक रांगा. कोरणाऱ्याने यात काहीच लपवलेलं नाही. पण चेष्टाही केलेली नाही, हे भिंगाखाली जास्त जाणवतं. जबड्याची रेषा अशी भरदार वळवून घेतली आहे की तो लठ्ठपणा सत्तेसारखा दिसावा. मानेच्या टोकाशी एक बारीकसा गोल दिसला तर ते नाणं फ्रान्समधल्या ल्यूग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या ल्योंच्या टाकसाळीतलं. मी दोन्हीकडची नाणी शेजारी शेजारी बघितली. रोमच्या ठशात केस खोल, ल्योंच्या ठशात चेहरा शांत.

माधवी, म्हणजे माझी बायको, तोपर्यंत कंटाळून बाकावर टेकली होती. तिचं साताऱ्याला ब्यूटी पार्लर होतं, नवऱ्यामुलींचे खोपे बांधण्यात हयात गेली. मी बटांच्या रांगांबद्दल बोललो तशी ती उठली, भिंगाशी आली आणि म्हणाली, "अहो, हे आपोआप कुरळे नाहीत. तापवलेल्या सळीवर वळवलेत. मुळाशी सरळ आहेत बघा." बघितलं, तर खरंच मुळाशी केस सरळ कोरलेले. त्यानंतर केसांचं खातं तिच्याकडे गेलं.

नीरोनंतर वर्षभरात चार सम्राट झाले. गाल्बाला सात महिने मिळाले, पण त्याचा सुरकुतलेला चेहरा आणि बाकदार नाक असं काही कोरलं आहे की बघत राहावं. आणि त्या चौघांतला शेवटचा, व्हेस्पेसियन. याचे देनारियस ढिगाने मिळतात, त्यामुळे जाणकार त्याला फारसा भाव देत नाहीत. मला मात्र साऱ्या तळघरात हाच सर्वांत आवडला. साठीचा टक्कल पडलेला शेतकरीवजा सेनापती: कपाळावर तीन आडव्या आठ्या, नाकाचं टोक खाली उतरलेलं, ओठ आत ओढलेले, हनुवटी पुढे आलेली. त्याचा चेहरा कायम कुंथत असल्यासारखा दिसे, असं जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. चांदीच्या त्या टिकलीवर ते तंतोतंत उतरलंय. ऑगस्टस पंचाहत्तरीपर्यंत जगला, पण नाण्यांवर शेवटपर्यंत तरुणच राहिला. याला म्हातारं दिसायची लाज नव्हती. नीरोनंतरच्या यादवीला कंटाळलेल्या लोकांना कदाचित असाच कुणी वडीलधारा हवा होता, आणि हे राजवाड्यालाही कळत होतं.

यातली करामत नीट समजायला ठसा कसा कोरायचे ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. कारागीर धातूच्या ठोकळ्यात चेहरा उलटा आणि खोलगट कोरायचा. नाण्यावर जे सर्वांत उंच येणार, म्हणजे गालाचं हाड, ते ठशात सर्वांत खोल. नाण्यावर सम्राट उजवीकडे बघणार असेल तर ठशात तो डावीकडे बघतो. अक्षरंही उलटी. चेहऱ्याचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर तापवलेली चकती, तिच्यावर मागच्या बाजूचा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. हातोडा वरच्या ठशावर पडत असल्याने तो लवकर फुटे. चेहरा खाली सुरक्षित. म्हणून बऱ्याच नाण्यांवर छाप्याची बाजू देखणी आणि मागची देवता घाईत उरकलेली दिसते.

बुधवार

कापितोलिनो टेकडीवरच्या संग्रहालयात सम्राटांचं एक दालन आहे. भिंतीला लागून दोन रांगांत संगमरवरी अर्धपुतळे, ऑगस्टसपासून उतरत्या काळापर्यंत. प्रवासी इथे येतात, फोटो काढतात, पाट्या वाचतात. पाटीवरचं नाव आलं कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही.

ते आलं नाण्यांवरून. मातीतून निघालेल्या डोक्यावर नाव क्वचितच असतं. कित्येकांची नाकं तुटलेली, ती मागाहून कुणा दुरुस्तीवाल्याने बसवलेली. नाण्यावर मात्र चेहऱ्याभोवती नाव कोरलेलं असतं आणि नाक शाबूत असतं. त्यामुळे संगमरवराची ओळख पटवायची तर चार आण्यांच्या नाण्याकडे जावं लागतं. या दालनात फिरताना मी माझा खेळ सुरू केला: पाटी न बघता, नाण्यांच्या आठवणीवर, चेहरा ओळखायचा. डेसियस लगेच सापडला. इ.स. २४९ ते २५१ एवढाच त्याचा काळ. नाण्यांवर त्याचे खोल गेलेले गाल आणि आखूड कापलेले केस दिसतात, दगडात त्यात भर म्हणून कपाळावर अशी चिंता आहे की साम्राज्य हातातून चाललंय हे त्याला कळत असावं. हे मात्र नाण्याला जमलं नाही. कबूल करायला हवं.

दगडाला न जमणारी गोष्ट मार्कस ऑरेलियसच्या बाबतीत आहे. इ.स. १३९ मध्ये तो युवराज झाला तेव्हापासून १८० मध्ये वारला तोवर नाणी पडतच होती. कुरळ्या केसांचा, दाढी न फुटलेला पोरगा, मग कानशिलाखाली लव, मग आखूड दाढी, मग छातीपर्यंत येऊ पाहणारी तत्त्वज्ञाची दाढी, शेवटी ओढलेले गाल. चाळीस वर्षांचं वय, आणि त्यातली बरीचशी नाणी अगदी सामान्य. एका माणसाचं म्हातारं होणं इतकं सलग बघायला मिळतं, तेही राजकारभाराचा भाग म्हणून. त्याचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा आता आत, छताखाली आहे, चौकात आहे ती प्रतिकृती. बाहेर कॉफी घेतली तर सुट्ट्या पैशांत इटलीचं पन्नास सेंटचं नाणं आलं, त्यावर तोच घोडा आणि तोच स्वार.

माधवीचं काम फाउस्टिनापाशी सुरू झालं. मार्कसची बायको, धाकटी फाउस्टिना. तिची नाणी मुबलक, आणि दर काही वर्षांनी केशरचना बदललेली. आधी कपाळावरून लाटा मागे घेऊन मानेवर लहान अंबाडा, मग मोत्यांची माळ गुंफलेली, मग लाटा सैल सोडून अंबाडा खाली. तिच्या बाळंतपणांशी हे बदल जुळतात असं काही अभ्यासकांनी मांडलंय. आणि बाळंतपणं तरी किती, डझनाच्या वर. माधवीला ते पटलं. बाळंतिणीचे केस गळतात, ती म्हणाली, मग भांग झाकायला रचना बदलावीच लागते. याला पुरावा काही नाही, पण मला ते पुस्तकातल्या मतांपेक्षा बरं वाटलं.

तिच्या आईच्या, थोरल्या फाउस्टिनाच्या डोक्यावर मात्र वेण्यांचा मनोरा, आणि सीरियातून आलेल्या यूलिया दोम्नाचा, म्हणजे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या बायकोचा, केशसंभार कानावरून आडव्या पन्हळी पाडून खाली उतरलेला. "हा टोप आहे," माधवीचा निकाल. अभ्यासकांपैकीही काहीजण तसंच म्हणतात. कोरणाऱ्याने प्रत्येक पन्हळ एका बाजूने खोल आणि दुसरीकडे उथळ घेतली आहे, त्यामुळे उजेड पडला की पन्हळ उठते. तीस सेकंद भिंग धरून बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

जिथे आज आराचेलीचं चर्च आहे, त्या उंचवट्यावर जुन्या प्रजासत्ताकाच्या काळात यूनो मोनेताचं देऊळ आणि टाकसाळ होती. पायऱ्या १२४. चढलो. वर टाकसाळीचं काहीही उरलेलं नाही, पण वारा छान होता.

गुरुवार

सकाळी डायोक्लेशियनची स्नानगृहं. इ.स. २९८ ते ३०६ मधलं हे काम इतकं अवाढव्य आहे की एका दालनाचंच मायकेलअँजेलोने चर्च करून टाकलं. पण माझं मन तळघरात अडकलं होतं. माधवीने नाणी बघून झाली असं जाहीर केलं आणि बाजार गाठला. मी पुन्हा तिकीट काढून पलाझ्झो मास्सिमोत शिरलो.

आज तिसरं शतक. कलेच्या इतिहासात इथून घसरण सुरू होते असं शिकवतात. चांदीचं बोलायचं तर घसरण खरीच. सेप्टिमियस सेव्हेरसने देनारियसमधली चांदी साधारण निम्म्यावर आणली, त्याचा मुलगा काराकाल्लाने २१५ मध्ये किरणांचा मुकुट घातलेलं नवं नाणं काढलं, आणि पुढे सम्राट गाल्लिएनसच्या अखेरीला त्यात नावापुरती चांदी उरली. तांब्याला चांदीचा हात फिरवलेला, तोही उडालेला. काचेखाली ती काळपट, वेडीवाकडी, कडा चिरलेली नाणी बघून लोक पुढे सरकतात.

मी मात्र इथेच जास्त रमलो. गाल्लिएनसच्या शेवटच्या काळातल्या नाण्यांवर मागे प्राणी आहेत, देवांकडे रक्षणाची याचना करणारे: डायनाचं हरीण, अपोलोचा सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा), सूर्याचा पंखवाला घोडा. एका हरणाचं डोकं मागे वळलेलं. पाय चार झटक्यांत कोरलेले, पण ते पळता पळता थबकलं आहे हे कळतं. सीमा तुटत होत्या, बंडखोर उभे राहत होते, आणि कारागिराने घाईतही हरणाची मान बरोबर वळवली.

प्रोबस (२७६ ते २८२) तर गंमतच. बाकीच्या सम्राटांचं डोकं बघायचं, याचा पोशाख. कधी शिरस्त्राण, खांद्यावर भाला आणि पुढे ढाल, त्या ढालीवरही कधी बारीक घोडेस्वार कोरलेला. कधी कॉन्सलचा जरीचा झगा आणि हातात गरुडाच्या टोकाचा दंड. सहा वर्षांत शेकड्याने तऱ्हा. चेहरा मात्र बेताचा: दाढी म्हणजे आखूड रेघा, डोळा म्हणजे टिंब आणि वर कमान. तरी त्या टिंबाची जागा एका केसाने चुकली असती तर माणूस तिरळा दिसला असता. तो दिसत नाही.

मग डायोक्लेशियन आला आणि त्याने चौघांत राज्य वाटलं. २९४च्या सुमारास नाणी सुधारली, मोठी तांब्याची नाणी आली आणि चेहरे संपले. चौघांचीही तीच चौकोनी डोकी, तीच जाड मान, तीच खुंटासारखी दाढी. नाव वाचल्याशिवाय कोण कोण ते सांगता येत नाही. व्हेनिसला सेंट मार्कच्या कोपऱ्यावर जांभळ्या दगडातले चौघे एकमेकांना मिठी मारून उभे आहेत, तीच ही मंडळी. कारागिरांचा हात उतरला होता असं मी मानत नाही. मुद्दाम तसंच मागितलेलं होतं: माणूस नाही, पद बघा. पण मला ही नाणी आवडत नाहीत. व्हेस्पेसियनच्या आठ्यांनंतर हे ठोकळे बघवत नाहीत, आणि एकीचा एवढा गाजावाजा करून डायोक्लेशियन ३०५ मध्ये पायउतार झाल्यावर वर्ष-दीड वर्षात ते एकमेकांवर उठले.

कॉन्स्टंटाइन त्यातूनच वर आला. त्याच्या काळची लहान तांब्याची नाणी म्हणजे रोमन नाण्यांतली अगदी चिल्लर. ३३० नंतरच्या नाण्यांवर दोन शिपाई, किंवा लांडगीला पिणारी जुळी मुलं. त्याने दाढी काढून टाकली, मान लांब केली, काही नाण्यांवर डोळे आकाशाकडे लावले. पण टाकसाळी अनेक होत्या, ट्रियरपासून अँटिओकपर्यंत, आणि प्रत्येकीची खूण तळाशी कोरलेली असते. त्या खुणा बघत गेलं की एकाच वर्षी एकाच सम्राटाचे वेगवेगळे चेहरे भेटतात. कुठे शेलाटा जबडा, कुठे पसरट नाक, कुठे भलामोठा डोळा. नमुना राजधानीतून गेला असेल, हात तर तिथल्या माणसाचाच.

हे आपल्याकडेही आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. पण ठशाखालचा नहपान बघावा तर एका नाण्यावर तरुण, दुसऱ्यावर गाल बसलेला, तिसऱ्यावर नाकच निराळं. नाव आणि शिरपेच तोच. रोमहून आलेल्या माणसाला हे चेहरे ओबडधोबड वाटतील, पण कोरणाऱ्यांची अडचण तीच होती: न पाहिलेला राजा कोरायचा.

शुक्रवार

ओस्तिया, रोमचं जुनं बंदर. पिरामिडजवळच्या स्टेशनातून गाडी मिळते, अर्ध्या तासाचं काम. कॉन्स्टंटाइनचा प्रतिस्पर्धी मॅक्सेन्टियस याने ३०८-०९च्या सुमारास इथे टाकसाळ काढली होती, ती ३१३च्या पुढे टिकली नाही, कारण तो स्वतः २८ ऑक्टोबर ३१२ ला मिल्व्हियन पुलाजवळ बुडाला. इथल्या नाण्यांवर दिओस्कुरी हे जुळे देव घोड्यांचे लगाम धरून उभे आहेत, सुबक कोरलेले. टाकसाळीची जागा दाखवणारी पाटी मला दिसली नाही. बाकी रस्ते, खानावळी, मोझाइकच्या फरश्या, चिंचोळी शौचालयं, सगळं बघितलं. ऊन फार होतं. माधवीने वाटेत घेतलेल्या सुप्ली, म्हणजे तळलेले भाताचे गोळे, सावलीत बसून खाल्ले.

शनिवार

कोलोसियमपासून चालत सान क्लेमेंते. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याहीखाली पहिल्या शतकातली इमारत. खाली उतरत गेलं की भिंतीआड पाणी वाहताना ऐकू येतं. मिथ्रा या देवाची गुहा बघायला रांग लागते, पण शेजारची जाड दगडी भिंतींची, लहान लहान खोल्यांची इमारत मला हवी होती. साम्राज्याची टाकसाळ इथे असावी असं म्हणणारे अभ्यासक आहेत, न मानणारेही आहेत. टाकसाळ या परिसरात होती याला मात्र आधार आहे: इ.स. ११५ मध्ये तिथल्या कामगारांनी अपोलो, हर्क्युलिस आणि फोर्तुना यांना वाहिलेले शिलालेख जवळपासच सापडलेत. त्यांत कामाची विभागणी आहे. चकती ठशात ठेवणारे वेगळे, हातोडा मारणारे वेगळे. फेलिक्स नावाचा, गुलामगिरीतून सुटलेला एकजण सोनं-चांदी-तांब्यावर देखरेख करणारा. बाकी कितीतरी गुलाम.

नाण्यावर मात्र कुणाचंच नाव नाही. सिसिलीतल्या सिराक्यूजच्या ग्रीक कोरक्यांनी, किमोन आणि एवाइनेतोस यांनी, पाचशे वर्षं आधी आपल्या ठशांवर सह्या केल्या होत्या. रोममध्ये ती चाल पडली नाही. तरी हात ओळखता येतात. सेव्हेरसचे देनारियस ओळीने बघितले, तर एकाची दाढी बारीक गुंडाळ्यांची, टोकाला दुभंगलेली, आणि दुसऱ्याची सरळ रेघांची. कान काढण्याची रीत प्रत्येकाची निराळी, आणि घाईत माणूस कान कसा काढतो यावरूनच तो सापडतो.

रविवार

विमान संध्याकाळचं, म्हणून सकाळी एक रविवारचा बाजार. जुन्या घड्याळांच्या शेजारी एका ताटलीत "रोमन" नाणी. हात लावून बघितलं: व्हेस्पेसियन. कडेला कानशीने घासलेली शिवण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, म्हणजे साच्यात ओतलेलं. आणि तसं नसतं तरी चेहरा बोलत होता. आठ्या सगळ्या एकाच खोलीच्या, हनुवटी गोल, ओठ हसरे. हा गृहस्थ कधी कुंथलाच नसावा. ऐंशीवरून विक्रेता तीस युरोवर आला, मग पंधरावर. इटलीत जमिनीतून निघालेलं नाणं सरकारच्या मालकीचं असतं, त्यामुळे खरं असतं तरी कागदपत्रांशिवाय मी ते घेतलं नसतं. माधवीने शेजारच्या ठेल्यावर चामड्याची पर्स अर्ध्या किमतीत पाडून घेतली आणि आम्ही ट्राम गाठली.